पार्सल घरी पोचेपर्यंत : एका चायनीज ठेल्याचं प्रकरण

दसरा होऊन चारच दिवस झाले होते. 2024 ची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. चहा झाला, कापसाच्या भावावर बोलून झालं, तरी गडी उठेना. शेवटी पिशवीतून एक लांबट वही काढून त्यानं टेबलावर ठेवली. "सर, गिऱ्हाईक तुटून राह्यलं. काऊन तुटून राह्यलं ते काही समजत नाई."

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. धंदा कसा करावा हे तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, स्वतः पानटपरीही चालवलेली नाही. हा मुलगा बारावीला पुस्तपालनात जेमतेम पास झाला होता. त्याची वही पाहिली आणि वाटलं, गुण देताना माझाच हात आखडला असावा.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण इथे चायनीजचे ठेले दोनच आहेत आणि नाव लिहिलं की कोणाचा ते शेंबडं पोरही सांगेल. ठेला एसटी स्टँडच्या भिंतीला लागून. 2021 मध्ये पुण्यातली नोकरी सुटल्यावर हा परत आला. दोन एकर कोरडवाहू भाऊ पाहत होताच. यानं नागपूरच्या हॉटेलात काम केलेला एक नेपाळी कारागीर गाठला आणि लाल रंगाचा ठेला उभा केला. पाटीवर ड्रॅगन आहे. रंगाऱ्यानं ड्रॅगनला आमच्या पोलीस पाटलांसारख्या मिशा काढल्यात, पण ते असो.

मंचुरियन सुकं आणि ग्रेव्हीचं, नूडल्स, फ्राइड राइस, शेजवान राइस, चिकन चिली, सूप आणि पोट्ट्यांची लाडकी चायनीज भेळ. हाफ पन्नास, फुल नव्वद. पुण्याहून दिवाळीला येणारी मुलं ठेल्यावर उभी राहून सांगतात की हे खरं चायनीज नव्हेच. बरोबर आहे त्यांचं. मंचुरियनचा मंचुरियाशी काही संबंध नाही. 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग नावाच्या, कोलकात्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्यानं ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. पण आमच्याकडे कोणी चीनची चव शोधायला येत नाही. तर्री पोहे आणि आलुबोंड्यावर वाढलेल्या जिभेला तिखट, आंबट आणि कुरकुरीत असं एकाच वाटीत हवं असतं, आणि ते इथे मिळतं.

धंदा कापसाच्या मागे चालतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पाठोपाठ वेचणी सुरू होते. मजुरीचा चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. त्या संध्याकाळी बाजाराच्या पिशवीत भाजी, तेल, लेकरांसाठी बुंदी असते, आणि अलीकडे वर एक चायनीजचं पार्सल. ठेल्याची खरी कमाई ती. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7521 रुपये क्विंटल होता आणि खासगीत तेवढा मिळत नव्हता, त्यामुळे हात आखडलेलेच होते. पहिल्यांदा मलाही वाटलं, कारण तेच असणार.

वहीनं वेगळं सांगितलं. त्यानं दोन रकाने केले होते, 'बसून' आणि 'पार्सल'. त्यामागे हिशेबाची हुशारी नव्हती. डब्या आणि पिशव्या किती लागल्या ते कळावं, एवढंच. महिन्याची बेरीज तो दोन्ही मिळून मारायचा आणि ती पाहून झोप उडवून घ्यायचा. मी रकाने वेगवेगळे जोडले. बसून खाणाऱ्यांचा गल्ला आदल्या वर्षीच्या दसऱ्याइतकाच होता, किंचित वरच. पार्सल निम्म्यावर आलं होतं. तेही एकाएकी नाही, मे महिन्यापासून उतरत उतरत.

त्याच्या डोक्यात तीन कारणं पक्की होती. पहिलं, बाजार चौकात सुरू झालेला दुसरा ठेला, हाफ दहा रुपयांनी स्वस्त. दुसरं, कारागीर दशैंसाठी, म्हणजे नेपाळी दसऱ्यासाठी, गावी गेलेला, म्हणून चव उतरली. तिसरं, अजिनोमोटोची, म्हणजे चायनीजमध्ये चवीसाठी घालतात त्या पुडीची, बदनामी. पहिली दोन तारखांनीच बाद केली. दुसरा ठेला ऑगस्टात लागला आणि कारागीर ऑक्टोबरात गेला, पार्सल तर मेपासून घसरत होतं. शिवाय चव उतरली असती तर बसून खाणारेही तुटले असते.

तिसऱ्या कारणात मात्र दम होता, फक्त तो समजत होता तसा नव्हे.

पाटीचा किस्सा

2024 च्या सुरुवातीला गोव्यात म्हापशाच्या नगरपरिषदेनं गोबी मंचुरियनच्या ठेल्यांवर बंदी घातल्याची बातमी गाजली. मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियन आणि बुढ्ढीच्या बालांमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. तिथे तपासलेल्या मंचुरियनच्या 171 नमुन्यांपैकी 107 मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. बुढ्ढीच्या बालांमध्ये रोडामाइन-बी निघालं. ते कापड रंगवायचं रसायन, अन्नात चालतच नाही. हे व्हिडिओ मोबाइलवरून आमच्या गावात आले. मूळ बातमी रंगाची होती. गावात पोचेपर्यंत ती अजिनोमोटोची झाली, कारण चायनीज वाईट आहे म्हणायला आपल्याकडे तोच एक शब्द तयार असतो.

घाबरून यानं जूनमध्ये अजिनोमोटो बंद केलं आणि ठेल्यावर ठसठशीत पाटी लावली : 'आमच्याकडे अजिनोमोटो वापरत नाही.' दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त गुरुजींनी चष्मा सरकवून ती वाचली आणि म्हणाले, "म्हंजे आतापर्यंत वापरत होता." झालं. पाटीनं कबुलीजबाबाचं काम केलं.

खरं तर अजिनोमोटो एवढं बदनाम व्हायचं कारण नव्हतं. 1908 मध्ये टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं समुद्रशेवाळाच्या रश्श्यातली चव वेगळी काढली. पुढच्या वर्षी ती चव पूड होऊन अजिनोमोटो या नावानं विकायला आली, आणि त्या नावाचा अर्थच मुळी 'चवीचं मूळ' असा. टमाट्यातही तोच घटक आपोआप असतो, सोया सॉसमध्ये तर भरपूर. बदनामीची सुरुवात 1968 मधली. रॉबर्ट हो मॅन क्वोक या डॉक्टरनं अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेमागे बधिर होतं. त्यानं कारणं तीन-चार सुचवली होती, लोकांनी एकच उचललं. पुढे कित्येक चाचण्या झाल्या, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात तसा ठाम परिणाम काही सिद्ध झाला नाही. आपल्याकडेही ते कायद्यानं चालतं. फक्त पाकिटावर तसं लिहावं लागतं आणि बारा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नये अशी सूचना छापावी लागते.

2015 मध्ये नूडल्सच्या एका प्रसिद्ध पाकिटावर देशभर बंदी आली होती, ते अनेकांना आठवत असेल. त्यातला एक आक्षेप शिशाचा होता. दुसरा होता पाकिटावरच्या दाव्याचा, की यात हा पदार्थ घातलेला नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी उठवली. मी विद्यार्थ्याला म्हटलं, तुझ्या सोया सॉसच्या बाटलीत आणि सूपच्या मसाल्यात जे आहे त्याचं काय? त्यानं बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि पाटी त्याच रात्री उतरवली. खिळ्यांची भोकं अजून दिसतात.

पण जूनपासून आणखी एक गोष्ट झाली होती. अजिनोमोटो काढल्यावर चव पडली, म्हणून कारागिरानं मीठ आणि सोया सॉस वाढवला. मिठात सोडियम साधारण 39 टक्के, अजिनोमोटोत 12. म्हणजे आरोग्याच्या नावाखाली पदार्थ अधिक खारट झाला. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. कळलं ते बायांच्या तोंडून, पुढे.

ठेल्यावरची मतं

मी पाच-सहा संध्याकाळी ठेल्याजवळच्या बाकावर बसलो. हातात वर्तमानपत्र, कान तिकडे.

कॉलेजची पोट्टी म्हणतात, तिखट कमी झालं, हाफमध्ये पहिल्यासारखं भरत नाही. एसटीचे वाहक-चालक म्हणतात, लवकर देतो, गाडी सुटत नाही, बाकी काय पाहायचं. रात्री आठनंतर येणारी मंडळी वेगळी. त्यांना सुकं मंचुरियन लागतं, कुरकुरीत, कांदा जास्त, आणि ते ठेल्यामागच्या अंधारात नेऊन खातात. कशाबरोबर ते सांगायची गरज नाही. आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा 1974 पासून दारूबंदीचा, आमचा नाही. या मंडळींचं मत एका शब्दाचं असतं : "कडक." वरून उधारीही मागतात.

मोबाइलच्या नकाशावर ठेल्याची नोंद आहे. तिथली निम्मी मतं त्याच्या मित्रांची, सगळे तारे भरलेले. उरलेली वाटसरूंची : कोणी ट्रकवाला, कोणी बँकेचा बदलून आलेला साहेब. एकानं बसायला जागा नाही अशी तक्रार केली होती. पार्सलबद्दल तिथे एक ओळ नव्हती.

मी स्वतः काही जणांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर 'मस्त'. मालक चार हातांवर झारा घेऊन उभा असताना दुसरं काय सांगणार? गावात वाईट तोंडावर बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या दुकानातून युरियाची थैली न्यायची असते, त्याच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला बसायचं असतं. पटलं नाही तर माणूस फक्त यायचा थांबतो. आणि थांबलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

घरची मतं

इथे माझी अडचण झाली. पार्सल खातात ती मुख्यतः घरच्या बाया, म्हातारी माणसं आणि लेकरं. ती ठेल्यावर येत नाहीत. घरातला पोरगा किंवा नवरा आणतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकानं विचारलं की तोच सांगतो, "बरं होतं." पार्सल आणणाऱ्यानं पुष्कळदा ठेल्यावरच उभ्यानं हाफ प्लेट मारलेली असते. म्हणजे खाल्लं एकानं, मत दिलं दुसऱ्यानं.

आमच्या घरची बचत गटात आहे. तिला म्हटलं, सहज विषय काढून पाहा. एका बैठकीत तिनं माझ्या सहा संध्याकाळींपेक्षा जास्त गोळा करून आणलं. व्याजाचा हिशेब त्या दिवशी राहून गेला म्हणे.

सगळ्यात जास्त हशा ज्या वाक्यावर झाला ते असं : "नूडल्सचा नुसता गोळा होते बाई. त्यापेक्षा आमचा गोळाभात बरा, त्याच्यावर तेल तरी टाकता येते." दुसरी म्हणाली, ग्रेव्ही मोटरसायकलच्या हँडलवर हिंदकळून पिशवीत सांडते, अर्धी रस्त्यावर आणि अर्धी पोराच्या पँटवर. तिसरीनं रंगाची गोष्ट काढली. तिनं उरलेलं मंचुरियन प्लास्टिकच्या पांढऱ्या डब्यात काढलं होतं. "तीन डाव घासला, लाल काही निंगत नाई. डब्ब्याले असं झालं तं पोटाले काय होत असन?" व्हिडिओ तिनंही पाहिला होता. पण तिचा पुरावा व्हिडिओ नव्हता, डबा होता.

एका घरी माळकरी सासू आहे. तिचं म्हणणं, चिकन ज्या कढईत होते त्याच कढईत आमचा भात होत असेल, आपल्याला काय दिसते? ठेल्यावर उभा असलेला माणूस कढई पाहतो. पार्सल खाणाऱ्याला कढई दिसतच नाही, त्याला विश्वासच ठेवावा लागतो. हे मला आधी सुचलं नव्हतं.

आणि मीठ. "रात्रभर पानी पेत होतो," हे तीन घरांतून आलं.

अजिनोमोटोचं नाव काढलं ते एकीनंच, तेही शेवटी, सगळ्यांच्या बोलण्याला मान द्यावा तसं.

नऊ किलोमीटर

मत ऐकणं निराळं, स्वतः अनुभवणं निराळं. एका बाजाराच्या दिवशी मी त्याच्याच ठेल्यावरून नूडल्स, ग्रेव्ही मंचुरियन आणि फ्राइड राइस बांधून घेतलं आणि त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ठेला भावाच्या ताब्यात दिला. नऊ किलोमीटरवर माझी साळी राहते. रस्त्याचं काम सुरू होतं, गिट्टी पडलेली, अर्धा तास लागला. पार्सल हँडलला, जसं सगळे नेतात तसं.

ओट्यावर बसून पिशवी सोडली. ग्रेव्हीच्या पिशवीची गाठ सैल झाली होती आणि बाकी सगळं त्यात न्हालेलं. नूडल्सची ताटात एकसंध वीट पडली. मंचुरियनचे गोळे भिजलेल्या भज्यासारखे मऊ. भात मात्र बरा होता, फक्त कोमट.

यात कोणाचा गुन्हा नाही, हे पदार्थच असे वागतात. तळणाचं कवच कुरकुरीत राहतं ते कोरडं असेपर्यंत. गरम माल बंद पिशवीत टाकला की वाफेचं पाणी होतं आणि कवच ते पिऊन टाकतं. कॉर्नफ्लोअरची ग्रेव्ही कढईत पातळ वाटते, निवताना घट्ट होत जाते, म्हणून ठेल्यावर जी बरोबर वाटते ती घरी खळ होऊन पोचते. नूडल्सच्या बाहेरचा पिठूळपणा निवला की एकमेकांना धरतो. ठेल्यावर हे पदार्थ दोन मिनिटांत पोटात जातात, म्हणून तिथे यातलं काहीच दिसत नाही.

तो गप्प बसून खात होता. तीन वर्षांत त्यानं स्वतःचं पार्सल कधी खाल्लं नव्हतं. खाणार कधी? घरी जाताना तो कढईतलं गरम घेऊन जाई आणि घर दोनशे पावलांवर. अर्धी वीट संपल्यावर म्हणाला, "सर, हे माया ठेल्यावरचं नाई वाटत." साळीनं तेवढ्यात त्याच्यासमोर सांभारवडी ठेवली. त्यानं ती संपवली. पार्सल तसंच राहिलं.

आम्ही परत निघताना साळीनं एक गोष्ट सांगितली, जी बचत गटात कोणी बोललं नव्हतं.

मे महिन्यातली रात्र

शेजारच्या घरी मे महिन्यात यांच्याच ठेल्यावरचा फ्राइड राइस आणला होता. संध्याकाळी आणला, थोडा खाल्ला, उरलेला ताटलीखाली झाकून ठेवला आणि सकाळी लेकरांनी खाल्ला, जसा आपण रात्रीच्या भाताला फोडणी देऊन खातो तसा. दोन्ही लेकरांना तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाइन लागलं, संध्याकाळपर्यंत बरी होऊन घरी आली. मालकाला कोणी काही बोललं नाही. पण त्या वाडीतल्या एकाही घरात त्यानंतर पार्सल आलं नाही, आणि त्या वाडीच्या पाहुण्यारावळ्यांतही नाही. सगळ्यांनी कारण एकच ठरवलं होतं : अजिनोमोटो.

मी डॉक्टर नाही. त्या दिवशी नेमकं काय झालं ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण शिजलेल्या भाताचा एक दुखणेकरी जिवाणू माहीत असलेला आहे, बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात शिजवून तासन् तास बाहेर ठेवला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. ते विष इतकं चिवट की पुन्हा कितीही परतलं तरी जात नाही. सहा तासांच्या आत उलट्या, दिवसभरात उतार. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हे लक्षात आलं ते चायनीज हॉटेलांच्या फ्राइड राइसवरूनच. तिथेही भात उरवून ठेवायची तीच पद्धत होती.

आता त्याच्या ठेल्याची रीत ऐका. फ्राइड राइसला निवलेला भात लागतो, ताजा घेतला की लगदा होतो. म्हणून भात दुपारी बारा-एकला शिजवायचा, मोठ्या परातीत पसरायचा, ओल्या कापडानं झाकायचा आणि रात्री दहापर्यंत वापरायचा. हिवाळ्यात एकवेळ चालून गेलं असतं. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी 44-45 अंश असतात आणि परात पत्र्याच्या छपराखाली. त्यात घरी नेऊन आणखी बारा तास. आपली आजी उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी पहिल्यांदा हुंगायची आणि मग ठरवायची. हा भात सोया सॉसनं आणि लसणानं असा माखलेला असतो की हुंगून काही कळत नाही.

त्याला हे सांगताना मी शब्द जपून वापरत होतो. तो त्याच रात्री त्या वाडीत जायला निघाला. मीच थांबवलं. पाच महिन्यांनी दारात जाऊन काय सांगणार? तरी दिवाळीत तो गेला. काय बोलणं झालं ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काय बदललं, काय नाही

भात सगळ्यात आधी. आता दोनदा शिजतो, थोडा थोडा, पंख्याखाली पसरून लवकर निववतो आणि शेजारच्या आइसक्रीमवाल्याच्या फ्रिजमध्ये भाड्यानं घेतलेल्या कप्प्यात ठेवतो. महिन्याला भाडं लागतं, कारागिराची कुरकुर असते. तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, करून तो नोव्हेंबरात परतला तेव्हा पार्सलसाठी वेगळी रीत ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "भैया, दो तरह का बनाएगा तो लाइन कौन संभालेगा?" त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. बाजाराच्या दिवशी सात ते आठ या तासात ठेल्यावर पाय ठेवायला जागा नसते.

मंचुरियनचे गोळे आणि ग्रेव्ही वेगळी द्यायची ठरली. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला. एका घरी ग्रेव्हीची पुडी सूप समजून पिऊन टाकली आणि गोळे कोरडेच खाल्ले. मग पार्सल देताना सांगायचं ठरलं : घरी गेल्यावर तव्यावर ग्रेव्ही गरम करा आणि गोळे शेवटी सोडा. हे सांगायचं कोणाला, तर नेणाऱ्या पोराला. तो हो म्हणतो आणि रस्त्यात विसरतो. नूडल्सला परतताना तेल जरा जास्त आणि परातीत मिनिटभर मोकळं करून मगच बांधायचं, एवढ्यानंही विटेचा मोठा तुकडा मोडला.

रंग बंद केला. त्याऐवजी काश्मिरी मिरची भिजवून वाटतो. रात्रीच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी "काय बे, फिक्कं काऊन?" म्हणून विचारलं. काही दिवस त्यांच्यापुरता रंग चालू ठेवावा असं त्याच्या मनात होतं. माझ्याशी या एका मुद्द्यावर त्याचं चांगलंच वाजलं. त्याचा मुद्दा : "सर, रोजचा गल्ला तेच देतात." माझा मुद्दा : तो डबा. शेवटी रंगाची पुडी त्यानं फेकली, पण मला वाटतं माझ्या सांगण्यानं नव्हे, पुडीवर ना कंपनीचं नाव होतं ना काही, म्हणून. अजिनोमोटो मात्र परत आलं, चिमूटभर, आणि मीठ कमी झालं. कोणी विचारलं तर तो सरळ 'घालतो' म्हणतो. गंमत म्हणजे विचारणारे कमी झाले.

शाकाहारी मालाला वेगळी कढई ठेवली, तिच्या कानाला हिरवी चिंधी बांधली. चिंधी पार्सल खाणाऱ्याला दिसत नाही हा प्रश्न राहिलाच. त्या माळकरी आजींना एकदा मुद्दाम ठेल्यावर बोलावून कढई दाखवली. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि घरी जाऊन पोह्याचा चिवडा खाल्ला. काही मतं बदलत नाहीत, बदलावीत असंही नाही.

सगळ्यात कामाची सूचना त्याच आजींनी दिली. निघता निघता म्हणाल्या, "सावजीच्या रश्श्याले सारे घरून डब्बा नेतात. तुयाकडं काऊन नाई आनत?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. पातळ पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, गरम ग्रेव्ही त्यात बांधू नये हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि फॉइलची डबी पाच रुपये खाते. स्टीलचा डबा सांडत नाही, हँडलला नीट लटकतो आणि झाकण जरा उघडं ठेवलं की वाफही निघून जाते. घरून डबा आणणाऱ्याला त्यानं पाच रुपये कमी केले. सुरुवातीला पोट्ट्यांना डबा घेऊन उभं राहायची लाज वाटायची. मग घरच्यांनी हातात द्यायला सुरुवात केली.

वेचणी संपेपर्यंत पार्सलचा रकाना बराच वर आला, पूर्वीइतका नाही. नऊ किलोमीटरवरच्या त्या वाडीतून अजून कोणी आलेलं नाही. बाजार चौकातल्या ठेल्यानंही फेब्रुवारीपासून 'डबा आणा' सुरू केलं, दहा रुपये कमी करून. रात्री आठनंतर ठेल्यामागची गर्दी तशीच आहे, आणि ती आहे तोवर बाया त्या बाजूला फिरकणार नाहीत हे त्यालाही कळतं. पण ती गर्दी हटवली तर भाडं कशातून भरायचं, याचं उत्तर माझ्या फळ्यावर नाही.

त्यानं एवढं केलं की स्टँडच्या दाराकडच्या बाजूला, उजेडात, एक बाक टाकला आणि पार्सल तिकडून द्यायला लागला. वहीत तिसरा रकाना आला : 'डबा'. होळीच्या आधीच्या बाजाराला मी तिथे होतो. वेचणीचा शेवटचा चुकारा घेऊन चौघी बाया बाकाशी उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात डबा. त्यातली एक झाकण लावता लावता त्याच्या तोंडावर म्हणाली, "मागच्या बाजारी मीठ जास्त झालतं रे बाप्पा. ध्यान दे जरासं."

त्यानं कानावरचं पेन काढलं आणि तिसऱ्या रकान्यात तिच्या डब्यापुढे 'मीठ' असं लिहून ठेवलं.